बायपोलर: बाईचा उन्माद आणि पुरुषाचे नैराश्य निसटते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बायपोलर म्हणजे उन्माद (मन आणि ऊर्जा अवाजवी चढणे) आणि नैराश्य यांच्या लाटा येणारा मनाचा आजार. मानसिक आरोग्यावरच्या लेखांत ‘बायपोलर आजार स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच होतो’ असे एक वाक्य येते आणि लेख पुढे सरकतो. वाक्य चुकीचे नाही, पण अर्धे आहे. ज्यात पूर्ण उन्माद येतो त्या पहिल्या प्रकाराचे प्रमाण दोघांत जवळपास सारखे आहे. हायपोमॅनिया म्हणजे उन्मादाची सौम्य पायरी आणि सोबत लांबलचक नैराश्य, हा दुसरा प्रकार मात्र दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांत अधिक आढळतो. वर्षभरात चार किंवा जास्त एपिसोड (आजाराच्या लाटा) येणे, उन्माद आणि नैराश्य एकमेकांत मिसळून येणे, हेही स्त्रियांत जास्त. आजाराची सुरुवात पुरुषांत बऱ्याचदा उन्मादाने होते, स्त्रियांत नैराश्याने. पाठ्यपुस्तकात एवढे असते. प्रत्यक्षात होते असे की बाईच्या कागदावर ‘नैराश्य’ लिहिले जाते आणि तिच्या चढत्या काळाची चौकशीच होत नाही. पुरुषाच्या कागदावर ‘दारू’, ‘तापट स्वभाव’ किंवा थेट स्किझोफ्रेनिया लिहिला जातो आणि त्याचा उतरता काळ कोणी विचारत नाही.

निदान रक्ताच्या तपासणीवर होत नाही, विचारपुशीवर होते. म्हणून काय विचारले यालाच सगळे महत्त्व. डीएसएम-५ या २०१३ च्या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेनुसार उन्माद म्हणायला मनाची अवस्था आणि अंगातली ऊर्जा या दोन्हींत ठळक वाढ हवी, ती किमान आठवडाभर टिकायला हवी (रुग्णालयात दाखल करावे लागले तर मुदतीची अट नाही), आणि हायपोमॅनियाला सलग चार दिवस पुरतात. सोबत सातपैकी तीन लक्षणे: स्वतःबद्दल अवाजवी मोठेपणा, झोपेची गरज कमी होणे, न थांबता बोलणे, विचारांची शर्यत, लक्ष भरकटणे, कामांचा सपाटा आणि परिणामांचा विचार न करता केलेली धाडसे. नुसतीच चिडचिड असेल, तर तीनऐवजी चार.

अडचण शेवटच्या दोन लक्षणांत आहे. ‘कामांचा सपाटा’ आणि ‘धाडसे’ म्हटले की शिकवताना दिली जाणारी उदाहरणे पुरुषांची असतात: रातोरात जमिनीचा सौदा, उधारीवर गाडी, शेअर बाजारात एफ अँड ओ, चौकात मारामारी, पोलीस ठाणे. ज्या बाईच्या हातात सातबारा नाही, डीमॅट खाते नाही आणि रात्री एकटीने बाहेर पडायची मुभा नाही, तिचा उन्माद या यादीत कुठे बसणार? तो स्वयंपाकघरात दिसतो. रात्री दोनला भाजणी दळायला काढणे, चार घरांना पुरेल एवढ्या चकल्या तळून शेजारी वाटणे, माळ्यावरची सगळी भांडी खाली काढून पहाटेपर्यंत घासणे, बचत गटातून एकाच महिन्यात दोन कर्जे उचलणे, भिशीचे पैसे देऊन टाकणे, ऑनलाइन साड्यांची पार्सले दारात येत राहणे, एकामागून एक नवस बोलणे, नातेवाइकांना दिवसाला तीस-चाळीस फोन करणे, आणि ज्यांच्यासमोर मान वर करत नव्हती त्या दिरांना तोंडावर सुनावणे. यातल्या पहिल्या तीन गोष्टींचे घरात कौतुक होते. ‘सूनबाई कामाला वाघीण आहे’ असे सासूच सांगते. शेवटची गोष्ट घडली की मात्र तिला माहेरी धाडतात, आणि तीही ‘संस्कार नाहीत’ म्हणून, आजारी आहे म्हणून नव्हे. लैंगिक मोकळेपणा वाढला तर तो चारित्र्याचा प्रश्न होतो आणि डॉक्टरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून बाईला ‘कधी खूप आनंदी, उत्साही वाटले होते का?’ असे विचारून भागत नाही. उत्तर ‘नाही’ येते, कारण तिच्या लेखी तो बरा काळ होता. विचारायचे ते असे: सलग तीन-चार रात्री तीन तास झोपूनही सकाळी ताजेतवाने वाटले, असे कधी झाले का? झोप न येणे आणि झोपेची गरजच न वाटणे यांत मोठा फरक आहे. चिंता किंवा नैराश्यातली बाई रात्रभर कूस बदलते आणि सकाळी गळून जाते. उन्मादातली तीन तास झोपून उठते आणि कामाला लागते. हा एक प्रश्न नीट विचारला तर निम्मे काम होते. मग हाच प्रश्न, तिच्या परवानगीने, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायचा, आणि शक्यतो नवऱ्याबरोबरच बहिणीला किंवा आईलाही. लग्नाआधीचा एपिसोड नवऱ्याला माहीत नसतो.

चाचणी-प्रश्नावल्यांतही तिढा आहे. एमडीक्यू नावाची, चढत्या काळाची लक्षणे विचारणारी १३ प्रश्नांची यादी सर्वत्र वापरली जाते. सात किंवा जास्त ‘हो’, ती लक्षणे एकाच काळात, आणि त्यांतून मध्यम किंवा गंभीर अडचण झालेली असावी, अशी तिची अट. या तिसऱ्या अटीवर बाया गळतात. कामावरून काढले का, पैशाची किंवा कायद्याची भानगड झाली का, भांडणे झाली का? घरकामावरून कोणी काढत नाही. बाळंतिणींच्या अभ्यासांत ही तिसरी अट सोडून दिल्यावर यादीने जास्त रुग्ण पकडले, असे दिसले आहे. बाह्यरुग्ण विभागात यादी वापरणाऱ्यांनी एवढा बदल आजच करायला हरकत नाही.

चढता काळ न विचारता नैराश्याचे औषध सुरू झाले की काय होते? नेहमीची चिठ्ठी म्हणजे एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅमची जोडगोळी, बऱ्याचदा फिजिशियनने किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली. नुसत्या नैराश्यात ती चालते. बायपोलरमध्ये मूड स्टॅबिलायझरशिवाय (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय) एकटे अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्याचे औषध, दिले, तर काही रुग्णांत मूड वर उसळतो, काहींत मिश्र अवस्था येते, आणि काहींत एपिसोडांचा वेग वाढतो. जुनी ट्रायसायक्लिक औषधे आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत हा धोका जास्त. मिश्र अवस्था सर्वांत वाईट, कारण मन निराश आणि अंगात ताकद, अशा वेळी आत्महत्येचा धोका वाढतो. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ‘एकदम बरे वाटले’, झोप निम्म्यावर आली, बोलणे वाढले, असे झाले तर ते औषध लागू पडल्याचे लक्षण समजू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. दोन-तीन अँटिडिप्रेसंट बदलूनही गुण नाही. नैराश्यात झोप आणि भूक वाढते, हातपाय जड होतात. पहिला एपिसोड पंचविशीच्या आत आला. जवळच्या नात्यात कोणाला उन्माद होता. यांतले काहीही असेल तर निदान पुन्हा तपासायला हवे.

बाळंतपणावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण निदानातली सर्वांत मोठी चूक तिथे होते आणि सर्वांत मोठी संधीही तिथेच असते. प्रसूतीनंतरचा पहिला महिना बायपोलरसाठी बाईच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ. बाळंतपणातली सायकोसिस (भ्रम-भास होऊन वास्तवाचे भान सुटणे) हजारात एक-दोघींना होते, पण पहिल्या प्रकारचा बायपोलर असलेल्या बायांत साधारण पाचांत एकीला. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१२ मध्ये असे दिसले की प्रसूतीनंतर महिन्याच्या आत पहिल्यांदा मानसोपचार घ्यावे लागलेल्या बायांपैकी सुमारे १४ टक्क्यांना पुढच्या १५ वर्षांत बायपोलरचे निदान झाले. ज्यांचा पहिला एपिसोड बाळंतपणाशी संबंधित नव्हता, त्यांत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. अमेरिकेत पिट्सबर्गला १०,००० बाळंतिणींची, बाळंतपणातले नैराश्य शोधणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीने चाचणी झाली. ज्यांचे गुण जास्त आले त्यांपैकी ८२६ जणींची घरी जाऊन सविस्तर तपासणी केली, तेव्हा २२.६ टक्के बायांना मुळात बायपोलर निघाला. म्हणजे ‘बाळंतपणातले नैराश्य’ म्हणून बाजूला काढलेल्या पाचांतल्या एकीपेक्षा जास्त. १९८७ च्या या एडिनबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत, कमाल ३० गुण, आणि सगळे प्रश्न मागच्या सात दिवसांचे. उन्मादाबद्दल एकही नाही. प्रश्नावली वाईट नाही. ती ज्यासाठी केली त्याच्या पलीकडचे तिला विचारले जाते, एवढेच.

आपल्याकडे काय दिसते? तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण फार बोलायला लागते, पाहुण्यांशी हसते, बाळाची लंगोटी दर पाच मिनिटांनी बदलते, बाराव्याची तयारी अंथरुणातूनच सुरू करते. घरचे खूश असतात. सहाव्या-सातव्या दिवशी झोप बंद, मग संशय: दुधाला कोणी बाधा केली, बाळ बदलले, बाळात देव आला. तोवर अंगाराही झालेला असतो. काही ठिकाणी याला ‘बाळंतवात’ म्हणून शेक-शेगडी वाढवतात. ज्या बाईला मुळात पाणी कमी आणि झोप नाही, तिचा त्याने तोटाच होतो. इथे एक इशारा डॉक्टरांनाही: पहिल्यांदाच अशी लक्षणे आली तर ‘मानसिक आहे’ म्हणून लगेच मोकळे होऊ नये. ताप असेल तर जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढलेला असेल तर एक्लॅम्पसिया (गरोदरपणातल्या रक्तदाबाने येणारे झटके), तीव्र डोकेदुखी किंवा झटके असतील तर मेंदूच्या शिरेतली गुठळी, हे आधी पाहायला हवे. गुठळीसाठी स्कॅन लागतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही त्याच वेळी.

यावर उपाय नवा विभाग काढण्याचा नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घडवलेली घरोघरी नवजात बाळसेवा पुढे देशभर आशांमार्फत पोचली. रुग्णालयात प्रसूती झाली तर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. उन्माद दिसायचे दिवस नेमके पहिल्या तीन भेटींतले. भेटीच्या नमुन्यात आईचा ताप, स्राव, असंबद्ध बोलणे किंवा झटके विचारले जातात. असंबद्ध बोलणे ही फार पुढची पायरी झाली. त्याआधीचा एकच प्रश्न जोडावा: ‘बाळ झोपलेले असताना, दुसरे कोणी बाळाजवळ असताना, तुम्हाला झोप येते का? आणि झोपला नाहीत तर थकवा वाटतो का?’ झोप येत नाही आणि थकवाही नाही, असे उत्तर दोन रात्रींचे आले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. गरोदरपणी पहिल्या तपासणीत आणखी एक विचारावा: तुम्हाला किंवा आई, बहीण, भाऊ यांपैकी कोणाला मनाच्या आजारासाठी दाखल करावे लागले होते का, आणि कोणाला बाळंतपणात ‘वेड लागले’ होते का? ‘बायपोलर’ शब्दाला उत्तर मिळत नाही, ‘बाळंतपणात काही झाले होते का’ याला मिळते.

निदान बरोबर झाले तरी औषधांत स्त्री-पुरुष भेद संपत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट, म्हणजे डायव्हॅल्प्रोएक्सही, उन्मादावर गुणकारी, ओळखीचे, सहज मिळणारे, आणि म्हणून सर्रास लिहिले जाते. पण गर्भावर त्याचा परिणाम गंभीर आहे: सुमारे दहात एका बाळात जन्मजात व्यंग, त्यात पाठीच्या कण्याची व्यंगे, आणि ३० ते ४० टक्के मुलांत बौद्धिक-विकासात्मक अडचणी. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या मुली-बायांना हे औषध सुरू करू नये, असे स्पष्ट सांगितले. ब्रिटनने २०१८ पासून त्यासाठी गर्भप्रतिबंधाची सक्तीची व्यवस्था केली. आपल्याकडे एकोणीस वर्षांच्या मुलीला हे लिहिले जाते, तेव्हा लग्न पुढच्या वर्षी ठरणार आहे हे घरच्यांना माहीत असते, डॉक्टरांना नसते. पाळी थांबली की घरच्या घरी औषध बंद होते. तोवर पाठीचा कणा घडून गेलेला असतो, कारण ती घडण पहिल्या महिन्याभरातच होते. वरून उन्माद उलटतो तो वेगळाच.

लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचे गणितही बायांत वेगळे. रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायची, म्हणजे रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. गोळी घेऊन लॅबला गेले की आकडा खोटा चढतो आणि डॉक्टर डोस उगाच कमी करतात. नेहमीच्या देखभालीत ही पातळी लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात. दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासावे. थायरॉइड मंदावणे मुळात बायांत जास्त, लिथियमने आणखी, आणि मंद थायरॉइडने पुन्हा एपिसोडांचा वेग वाढतो. हे चक्र टीएसएचच्या एका तपासणीत सापडते. गरोदरपणात मूत्रपिंड जोरात काम करते म्हणून पातळी घसरते, प्रसूतीनंतर लगेच चढते. नेमक्या त्याच दिवसांत टाक्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिले जाते, आणि ही औषधे लिथियम शरीरात साठवतात. प्रसूतिगृहाला लिथियमची गोळी दाखवा, लपवू नका. हरतालिकेचा निर्जळ उपवास आणि अळणी जेवणाची व्रते यांनीही पातळी चढते. हात थरथरणे, जुलाब, तोल जाणे अशी लक्षणे दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे. गर्भनिरोधक गोळ्यांचे एक वाक्यात: इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने लॅमोट्रिजिन या मूडच्या औषधाची पातळी निम्म्यापर्यंत उतरते, आणि कार्बामाझेपिन या दुसऱ्या औषधाने उलट गर्भनिरोधक गोळीच निकामी ठरू शकते.

आता पुरुष. इथे चूक उलट्या दिशेने होते. पुरुषाचा उन्माद दिसतो, कारण तो रस्त्यावर येतो. त्याला भाऊ किंवा पोलीस आणतात आणि बडबड, संशय, मोठेपणाच्या गोष्टी पाहून पहिल्याच दिवशी स्किझोफ्रेनिया लिहिला जातो. उन्मादात भ्रम आणि भास असू शकतात, हे निवांत वेळी सगळ्यांना माहीत असते, रात्रपाळीत विसरते. दुसरी वाट दारूची. ‘पितो म्हणून असे वागतो’ हे घरचेच सांगतात. क्रम विचारावा: झोप आधी कमी झाली की पिणे आधी वाढले? दारू महिनाभर पूर्ण बंद असताना मूडचे काय झाले? महिनाभर कोरडा राहूनही चढ-उतार तसेच असतील तर कारण दारू नाही. आणि पुरुषाचे नैराश्य रडत नाही. तो चिडतो, शेतावर जायचे टाळतो, दुकान उघडत नाही, फोन उचलत नाही, रात्री जास्त पितो. ‘उदास वाटते का?’ याला तो ‘नाही’ म्हणतो; ‘मागच्या महिन्यात किती दिवस कामावर गेला नाहीत आणि का?’ याला उत्तर देतो. आत्महत्येचे विचार थेट विचारावेत. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते नव्याने शिरत नाहीत.

बाईला अजून एक लेबल फार लवकर लागते: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व. फरक काळाचा आहे. व्यक्तिमत्त्वाच्या अडचणीत मूड काही तासांत बदलतो आणि बहुधा कोणाच्या तरी बोलण्या-वागण्यावरून. बायपोलरमध्ये तो दिवस-आठवडे टिकतो आणि झोपेची गरज बदलते. पाळीच्या आधीच्या त्रासाशी गल्लत होते ती वेगळी. तिथे सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद पाहिल्याशिवाय निदान करूच नये.

ही नोंद घरी करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. शंभर पानी वहीत रोज एक ओळ: तारीख, मूड उणे तीन ते अधिक तीन, झोपेचे तास, पाळीचा दिवस, घेतलेल्या गोळ्या, दिवसाचा नेहमीबाहेरचा खर्च. मूडचा आकडा रात्री झोपताना लिहावा, सकाळी आठवून नको. घरच्या दुसऱ्या माणसाने वेगळ्या शाईत आपला आकडा टाकावा. उन्मादात दोन आकड्यांतली तफावतच सर्वांत बोलकी असते. सहा आठवड्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर पाच मिनिटांच्या ओपीडीतही निदान बदलू शकते.

एक कारण मात्र दवाखान्याबाहेरचे. ‘कागदावर स्ट्रेस लिहून द्या, मुलीचे लग्न व्हायचे आहे’ ही विनंती मुलींच्या बाबतीत सतत होते आणि डॉक्टर ती ऐकतात. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे विशिष्ट परिस्थितीत घटस्फोटाचे कारण आहे, त्यामुळे भीती अगदीच निराधार नाही. पण कायद्याला नुसते निदान पुरत नाही, एकत्र राहणे अपेक्षित धरता येणार नाही इतकी तीव्रता दाखवावी लागते. ‘स्ट्रेस’ लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरला फसवतो, आणि पुढचा डॉक्टर त्यावर एस्सिटालोप्राम देतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. तो वापरावा, निदान खोटे लिहून घेऊ नये.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचारांबाहेर आढळले. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपल्या जिल्ह्यांचे चित्र कोणालाच नीट ठाऊक नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे आणि मराठीत बोलता येते.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार तीन वर्षांखालच्या मुलाला दाखल आईपासून सामान्यतः वेगळे करायचे नाही. धोका असेल तरच तात्पुरते, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ मध्ये पाच खाटांनिशी आई-बाळाचा वेगळा कक्ष सुरू झाला. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या आपल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत अंगावर पिणाऱ्या बाळासह आईला ठेवायला किती खाटा आहेत, रात्री बाळाकडे कोण पाहते, आणि जिल्हा रुग्णालयांच्या मनोविकार विभागांत याची काय सोय आहे, याची माहिती आपल्या वार्ताहरांनी मागवून जिल्हावार छापावी, अशी विनंती.

आपले,
मनोविकार विभागात काम करणारे डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षक,
पुणे